रशियात एमबीबीएसला पोचल्यावर: पहिल्या सहा आठवड्यांत काय आधी, काय नंतर

रशियात वैद्यकीय शिक्षणाला गेलेली मुलं पहिल्या वर्षी अडकतात, ती बहुतेकदा ॲनाटॉमी अवघड असते म्हणून नव्हे. कामांचा क्रम चुकतो म्हणून. पासपोर्टचा अनुवाद राहतो, त्यामुळे सिम मिळत नाही, बँकेचं काम रखडतं आणि या धावपळीत बुडालेले तास डिसेंबरात एकदम अंगावर येतात. खालचा क्रम सहा वर्षांच्या 'लेचेब्नोये देलो' या अभ्यासक्रमाला इंग्रजी माध्यमातून जाणाऱ्यांसाठी आहे. विद्यापीठागणिक खिडक्या, फॉर्म आणि फी बदलते. क्रम मात्र फारसा बदलत नाही.

## १. निघण्याआधीचे पंधरा दिवस

कागद. बारावीच्या मूळ प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का) भारतातच करून घ्या. तिथे गेल्यावर हे काम घरच्यांच्या गळ्यात पडतं आणि मूळ कागद कुरिअरने फिरवावा लागतो. प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. आधीच केलं असेल तर बोर्डाकडून दुय्यम प्रत काढण्याची तयारी ठेवा. नीटचं गुणपत्रक, प्रवेशाचं निमंत्रणपत्र, विद्यापीठाशी झालेला करार, एचआयव्ही अहवाल आणि आरोग्य विम्याचा कागद यांच्या तीन-तीन झेरॉक्स, शिवाय पासपोर्ट आकाराचे किमान २० फोटो हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग मागे राहिली तरी हे मागे राहता कामा नये.

करार नीट वाचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच संस्थेत पुरा केलेला असावा लागतो. करारात 'दोन भाषांतून' किंवा 'चौथ्या वर्षापासून रशियन' असं काही असेल तर विमानात बसण्याआधी त्याचा उलगडा करून घ्या. 'आवडलं नाही तर दुसऱ्या वर्षी बदली करू' हा एजंटचा दिलासा या नियमात बसत नाही.

पैसे. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी रशियातला व्यवहार थांबवला आहे. भारतीय बँकेचं कार्ड तिथल्या एटीएममध्ये चालत नाही. तेव्हा फी सोडून किमान दोन महिन्यांचा खर्च डॉलरच्या नोटांत न्या. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शिक्का किंवा पेनाची रेघ नसलेल्या हव्यात. तिथल्या बँका खुणा असलेली नोट परत करतात. डॉलर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती जपा. १०,००० डॉलरहून जास्त रोकड असेल तर रशियन कस्टम्सकडे ती जाहीर करावी लागते.

औषधं. कोडीन असलेलं कफ सिरप, ट्रामाडॉल आणि झोपेच्या गोळ्या घेऊ नका. आपल्याकडे घराच्या डब्यात सहज पडलेली गोळी तिथे फौजदारी गुन्हा होऊ शकते. नियमित औषध लागणारच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचा रशियन अनुवाद सोबत हवा.

> तपासा: वसतिगृहाचा पत्ता आणि विद्यापीठाच्या माणसाचा फोन नंबर रशियन लिपीत *कागदावर छापलेला* आहे का? भारतीय सिम रोमिंगवर नेलं तरी रशियात शिरल्यावर पहिले २४ तास मोबाइल इंटरनेट आणि एसएमएस बंद असतात. टॅक्सीवाल्याला दाखवायला कागदच कामी येतो.

## २. पहिले ७२ तास

विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसतो आणि मायग्रेशन कार्ड हातात येतं. आधाराच्या झेरॉक्सएवढाही त्याचा दिमाख नसतो, पण हरवलं तर सगळं अडतं. तिथेच उभ्या उभ्या फोटो काढा.

मग हे, याच क्रमाने:

१. वसतिगृहात पोचताच कमांडंटकडे, म्हणजे वसतिगृहप्रमुखाकडे (तिथे 'कोमेंदांत' म्हणतात) नाव नोंदवा, 'प्रोपुस्क' म्हणजे प्रवेशपास घ्या, दार किती वाजता बंद होतं ते विचारा. अनेक ठिकाणी ती वेळ रात्री ११ असते.

२. पहिल्या कामाच्या दिवशी आंतरराष्ट्रीय विभागात पासपोर्ट, व्हिसा आणि मायग्रेशन कार्ड द्या. व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाची नोंदणी पोचल्यापासून ७ कामाच्या दिवसांत व्हावी लागते. नोंदणी यजमान संस्था करते, पण कागद पोचवणं तुमचं काम आहे. 'सिनिअरने सांगितलं की तेच बोलावतील' म्हणून थांबलेले दरवर्षी असतात.

३. घरी कळवा. ऑगस्ट २०२५ पासून रशियात व्हॉट्सॲपवरचे कॉल रोखलेले आहेत. आईबाबांना हे *आधीच* सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री एजंटला पन्नास फोन जातील. मॉस्कोची वेळ आपल्यामागे अडीच तास आहे, पण रशियात अकरा कालविभाग आहेत. आपल्या शहराचा कोणता ते बघा.

नोंदणीची चिठ्ठी मिळाली की तीही पासपोर्टसोबत ठेवायची. पुढे कधी दुसऱ्या शहरात हॉटेलात राहिलात तर हॉटेल तुमची नोंदणी आपल्या नावावर करून घेतं आणि वसतिगृहाची नोंदणी संपते. परतल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय विभागाला कळवा. जोडून आलेल्या सुट्टीत मॉस्को बघून आलेली मुलं नेमकी इथे सापडतात.

> इशारा: रशियनमध्ये लिहिलेल्या, समजत नसलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. 'जादा पैशांचं काम' म्हणून पुढे केलेला कागद तर मुळीच नको. रशियन सैन्यात भरतीच्या आमिषांबद्दल भारत सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये उघड इशारा दिलेला आहे.

## ३. कागदांची साखळी: दुसरा आणि तिसरा आठवडा

इथे एक कडी सोडून पुढे जाता येत नाही. क्रम असा:

अनुवाद → स्निल्स → गोसुस्लुगी → बायोमेट्रिक → सिम.

*अनुवाद.* पासपोर्टचा रशियन अनुवाद नोटरीकडून प्रमाणित करून घ्यायचा. दोन प्रती काढा. सगळ्यात महागडी चूक इथेच होते, आणि ती मराठी नावांची आहे. तुमच्या व्हिसावर नाव रशियन लिपीतही छापलेलं असतं. अनुवादकाने जाधव, वाघ, क्षीरसागर, ज्ञानेश्वर ही नावं आपल्या कानाने लिहिली तर स्पेलिंग व्हिसाशी जुळत नाही, आणि मग प्रत्येक खिडकीवर 'हा दुसरा माणूस' असं होतं. अनुवादकाला व्हिसा दाखवा आणि *अक्षर न् अक्षर तसंच* लिहायला सांगा.

दुसरी गुंतागुंत वडिलांच्या नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर 'रोहन संजय' हे दिलेल्या नावात आणि 'पाटील' आडनावात असतं. रशियन फॉर्ममध्ये वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो, 'ओत्चेस्त्वो'. एका खिडकीवरची बाई 'संजय' त्या रकान्यात टाकते, दुसरी नावातच ठेवते, आणि एकाच मुलाची दोन माणसं तयार होतात. व्हिसावर जसं आहे तसंच सगळीकडे ठेवा.

*स्निल्स* हा सामाजिक विम्याचा क्रमांक. 'मोई दोकुमेंती' नावाच्या सरकारी सेवा केंद्रात पासपोर्ट, अनुवाद आणि नोंदणीची चिठ्ठी देऊन तो काढतात. *गोसुस्लुगी* हे सरकारी पोर्टल. त्यावर खातं उघडून ते प्रत्यक्ष जाऊन पक्कं करावं लागतं. *बायोमेट्रिक* म्हणजे चेहरा आणि आवाज, ते बँकेच्या शाखेत नोंदवतात. १ जानेवारी २०२५ पासून परदेशी नागरिकाला या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय नवं रशियन सिम मिळत नाही, आणि तेही मोबाइल कंपनीच्या दुकानात स्वतः जाऊनच. फोनचा आयएमईआय क्रमांक सांगावा लागतो, म्हणून फोन सोबत न्या.

सिम हातात येईपर्यंत वसतिगृहाच्या वायफायवर भागवा. 'मीर' हे रशियाचं स्वतःचं बँक कार्ड. ते काढायला बँकेत जाल त्याच फेरीत बायोमेट्रिकचंही विचारा. एक फेरी वाचते.

> इशारा: वसतिगृहात कुणीतरी 'तयार सिम' विकतं. ते दुसऱ्याच्या नावावर असतं. एक दिवस बंद पडतं आणि त्यावर बांधलेलं बँक खातंही अडकतं.

## ४. वर्गात शिरण्याचे नियम

वेळापत्रक वाचताना दोन शब्द कळले पाहिजेत. 'पारा' म्हणजे जोडतास, ४५ मिनिटांचे दोन. आणि आठवडे दोन प्रकारचे: 'चिस्लीतेल' आणि 'झ्नामेनातेल'. शब्दशः अंश आणि छेद. अंशाच्या आठवड्यात मंगळवारी हिस्टॉलॉजी असेल, तर छेदाच्या आठवड्यात तिथे लॅटिन असू शकतं, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत. पहिल्या दिवशी गटाच्या 'स्तारोस्ता'ला, म्हणजे मॉनिटरला विचारा: हा आठवडा अंश की छेद? मग कॅलेंडरवर डिसेंबरपर्यंत खुणा करून टाका.

प्रत्येक इमारतीचा, म्हणजे 'कोर्पुस'चा, पत्ता वेगळा असतो. शाळेसारखा एकच आवार समजून निघालं की पहिल्या आठवड्यात दोन-तीन तास बुडालेच. रविवारी एकदा सगळ्या इमारती बसने फिरून या.

दारात लागणाऱ्या वस्तू:

- पांढरा कोट ('खलात') आणि टोपी. दोन जोड, कारण वसतिगृहात कपडे धुण्याच्या यंत्राला रांग असते
- बदलायचे बूट, किंवा बुटांवर चढवायचे प्लास्टिकचे मोजे, 'बाखिली'. औषधांच्या दुकानात मिळतात. दहा-बारा बॅगेत टाकून ठेवा
- ॲनाटॉमीसाठी हातमोजे

जाडा ओव्हरकोट तळमजल्यावरच्या 'गार्देरोब'मध्ये ठेवून, बिल्ला घेऊन मगच वर जायचं. कोट अंगात घालून वर्गात गेलात तर परत पाठवतात, आणि गार्देरोबची रांग दहा मिनिटांची असते. म्हणून तासाच्या २० मिनिटं आधी इमारतीत हवं. उशिरा आलेल्याला गैरहजर लिहिणारे शिक्षक बरेच असतात.

## ५. ओत्राबोत्का: जिथे वर्ष बुडतं

हा भाग सावकाश वाचा.

रशियात प्रात्यक्षिकाचा तास बुडाला की तो *भरून द्यावा* लागतो. त्याला 'ओत्राबोत्का' म्हणतात. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली की सुटलो, हा आपल्याकडचा हिशोब इथे लावू नका. आजारी होतात, व्हिसा उशिरा आला, विमान रद्द झालं, कारण काहीही असो, त्या दिवशीचा विषय शिक्षकांपुढे तोंडी देऊन नोंद पुसून घ्यायची. ज्या तासाला 'दोन' मिळाले, म्हणजे नापास, तोही बहुतेक ठिकाणी असाच भरून द्यावा लागतो. गुण पाच, चार, तीन, दोन असे असतात. तीन म्हणजे पास.

भारतातली मुलं नीटचा निकाल आणि व्हिसा यांमुळे ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरात पोचतात. वर्ग १ सप्टेंबरला सुरू झालेले असतात. म्हणजे पहिल्या दिवशीच डोक्यावर काही आठवड्यांचं कर्ज. ते फेडायचा क्रम:

१. पोचल्याच्या आठवड्यात प्रत्येक विभागात जाऊन बुडलेल्या तासांची *विषयांसहित* यादी घ्या. तारखा पुरत नाहीत, विषय लागतो.

२. 'देकानात'मधून, म्हणजे डीनच्या कार्यालयातून, परवानगीची चिठ्ठी ('दोपुस्क') लागते का ते विचारा. लागत असेल तर ती आधी; तिच्याशिवाय शिक्षक ऐकून घेत नाहीत.

३. विभागाच्या दारावर ओत्राबोत्काचा वार आणि वेळ लावलेली असते. फोटो काढा.

४. आठवड्याला दोन ते तीन विषय फेडा, ॲनाटॉमी आधी. डिसेंबरात सगळेच जागे होतात आणि एका शिक्षकापुढे चाळीस जण उभे असतात.

५. फेडलेल्या तासाची नोंद वहीत झाली का, ते *समोर उभं राहून* बघा. तोंडी दिलं पण लिहायचं राहिलं, हे सर्रास होतं.

आजारी पडलात तर त्याच दिवशी पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि 'स्प्राव्का', म्हणजे आजारपणाचा दाखला, घ्या. बरं वाटल्यावर मागितलेली स्प्राव्का मिळत नाही. ती देकानातमध्ये किती दिवसांत द्यायची याचीही मुदत असते.

सत्राच्या शेवटी काही विषयांना 'झाचोत' (पास-नापास) असतो, काहींना परीक्षा. झाचोत राहिले की परीक्षेला बसू देत नाहीत. विषय राहिला तर रशियन शिक्षण कायद्यानुसार तो पुन्हा देण्याच्या दोनच संधी, दुसरी समितीपुढे. त्यानंतर नाव काढलं जातं, व्हिसा कापला जातो आणि देश सोडावा लागतो. वर सांगितलेला 'एकच संस्था' हा नियम मग किती जाचक ठरतो ते लक्षात येईल.

## ६. लिपी, लॅटिन आणि हाडं

लिपी: पहिला आठवडा. ३३ अक्षरं, रोज सहा-सात. फसवणारी आधी घ्या: इंग्रजी पी दिसतं ते 'र', सी ते 'स', एच ते 'न', बी ते 'व', वाय ते 'उ', एक्स ते 'ख'. पाटीवर 'पेक्टोपाह' वाचलंत तर तिथे 'रेस्तोरान' लिहिलंय.

मराठी माणसाला इथे दोन फायदे आहेत. 'चमचा'तला दंत्य च हा रशियन 'त्स'च्या अगदी जवळ जातो. हिंदीभाषक मित्र यावर महिनाभर अडखळतात. आणि रशियन त, द आपल्या त, द सारखेच दातांशी आहेत. इंग्रजीच्या सवयीने ट, ड म्हणू नका. आघात नसलेला 'ओ' मात्र 'अ'कडे झुकतो: लिहायचं 'मोलोको', म्हणायचं 'मलाको'.

वर्ग इंग्रजीत असले तरी रशियन भाषेचे तास टाळू नका. तिसऱ्या वर्षी समोर येणारा रुग्ण रशियनच बोलतो.

लॅटिन. इथल्या उच्चारात 'ई' आणि 'आय' या अक्षरांच्या आधीचा 'सी' 'त्स' होतो. आपण 'प्रोसेसस' म्हणतो, शिक्षक 'प्रोत्सेसुस' म्हणतात. 'सर्व्हायकल'चं 'त्सेर्विकालिस' होतं. पाठ असलेला शब्द तोंडी परीक्षेत ओळखू येत नाही तो यामुळे. प्रत्येक नाम षष्ठीच्या रूपासकट पाठ करा: ओस–ओसिस, फोरामेन–फोरामिनिस, कोर्पुस–कोर्पोरिस. पुढच्या सगळ्या संज्ञा त्या दुसऱ्या रूपावर उभ्या राहतात.

हाडं. तासाच्या सुरुवातीलाच तोंडी प्रश्न येतात. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्र जागवायची सवय इथे कामाची नाही, कारण गुण रोजचे असतात. आदल्या संध्याकाळी दीड ते दोन तास *उद्याच्या* विषयाला द्या, आजच्या उजळणीला अर्धा तास. हाड हातात घेऊन आधी बाजू ओळखा (डावं की उजवं), मग पृष्ठभाग, मग छिद्रं, आणि छिद्रातून काय जातं ते शेवटी. चित्रावरून पाठ केलेलं हाड हातात उलटं आलं की ओळखेनासं होतं, म्हणून विभागातल्या संग्रहालयात आठवड्यातून दोनदा तरी बसा.

> तपासा: स्फेनॉइड हाड बघून न अडखळता सांगता येतं का: रोटुंडम छिद्रातून ट्रायजेमिनल मज्जातंतूची दुसरी शाखा, ओव्हालेमधून तिसरी, स्पिनोसममधून मिडल मेनिंजिअल धमनी? येत नसेल तर कवटीच्या कोलोक्विअमला, म्हणजे तोंडी चाचणीला, अजून बसू नका.

## ७. खोली, स्वयंपाक, थंडी

थोडक्यात. थंडीचे जाड कपडे भारतातून नेऊ नका. पुण्यात घेतलेलं जॅकेट उणे वीसला उपयोगाचं नाही. आतले थर्मल न्या, कोट आणि बूट तिथे घ्या. बूट जाड मोजे घालून बघा आणि बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळं ठेवा; घट्ट बुटात पाय जास्त गारठतात. कान झाका. सरकारी हीटिंग सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांखाली राहिल्यावरच सुरू होतं, त्यामुळे खोलीत सर्वांत जास्त कुडकुडायला होतं ते सप्टेंबरअखेरीस. सुरू झालं की हवा कोरडी होते. रात्री रेडिएटरवर ओला टॉवेल टाका.

सपाट बुडाचा ३ लिटरचा कुकर आणि सपाट तवा न्या. सोबत गोडा मसाला, हिंग, हळद आणि थोडी तूरडाळ. मसूर ('चेचेवित्सा'), वाटाण्याची डाळ, तांदूळ, बटाटे, कोबी तिथे कुठेही मिळतात. दुधाच्या आणि केफिरच्या (आंबवलेल्या, ताकासारख्या दुधाच्या) पिशव्या सारख्याच दिसतात. लिपी येईपर्यंत चहा नासणार. त्या केफिरची कढी मात्र उत्तम होते.

खोलीत कॉइल, हीटर, इस्त्री चालू ठेवणं बंद आहे. फोडणी सामायिक स्वयंपाकघरात, खिडकी उघडून करा. मिरचीच्या धुराने आगीची घंटा वाजली तर पूर्ण मजला थंडीत बाहेर उभा राहतो.

तब्येत बिघडल्यास रुग्णवाहिका १०३, सर्वसाधारण आणीबाणी ११२. विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक फोनच्या मागे चिकटवून ठेवा.

## ८. सहाव्या आठवड्याच्या आत

शिक्षणासाठी ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्याला देशात आल्यापासून ३० दिवसांत वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि ९० दिवसांत बोटांचे ठसे द्यावे लागतात. दिवस मोजताना वसतिगृहात राहायला आल्याची तारीख धरू नका, *विमानतळावरच्या शिक्क्याची* धरा. विद्यापीठ गटागटाने नेतं. आपला गट चुकला तर स्वतः वेळ घ्या. सहाव्या आठवड्यापर्यंत ठसेही झालेले असले की पुढे जानेवारीच्या परीक्षांशी टक्कर होत नाही.

पहिला व्हिसा साधारण ९० दिवसांचा आणि एकाच प्रवेशाचा असतो. तो विद्यापीठामार्फत अनेक प्रवेशांच्या व्हिसात बदलून घ्यायचा. त्यासाठीचे कागद आणि पासपोर्ट मुदत संपण्याच्या किती आधी द्यायचे, ही तारीख आंतरराष्ट्रीय विभागाकडून लिहून घ्या. सहा-सात आठवडे आधी मागणारी विद्यापीठं आहेत. पासपोर्ट तिथे असताना त्याची प्रमाणित प्रत आणि दिल्याची पावती जवळ ठेवा.

हा व्हिसा हातात येईपर्यंत हिवाळी सुट्टीचं मुंबईचं तिकीट काढू नका. एका प्रवेशाच्या व्हिसावर बाहेर पडलात की परत यायला पुन्हा निमंत्रणपत्रापासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर बुडालेला प्रत्येक तास ओत्राबोत्काच्या यादीत चढतो.